थंड पाण्याचा हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये एका शिक्षक मित्राच्या आग्रहावरून मी हरसूलला गेलो होतो. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे हे गाव. बारावीच्या दोन विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेली प्रतिकृती पाहून मत द्यायचे, एवढेच काम होते. प्रतिकृती म्हणजे त्यांतल्या एकाच्या घरचा जुना संगणक. प्रोसेसरवरचा पंखा काढून तिथे ॲल्युमिनिअमचा पोकळ ठोकळा बसवला होता आणि माशांच्या टाकीतला छोटा पंप त्यातून पाणी फिरवत होता. हे पाणी थर्मोकोलच्या पेटीत येई आणि तिथे पेल्टिअर प्लेटला चिकटवलेल्या दुसऱ्या ठोकळ्यातून जाताना थंड होई. मुलांनी संगणक बंद ठेवून प्लेट सुरू केली. अर्ध्या तासात पेटीतले एक लिटर पाणी ३४ अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आले. मी "उत्तम" म्हणालो, चहा घेतला आणि निघालो.

जुलैमध्ये मित्राचा फोन आला. मदरबोर्ड ओला होऊन संगणक कायमचा बंद पडला होता. "सर, नळी तर कुठंच गळत नव्हती. मग पाणी आलं कुठून?"

एप्रिलमध्ये जी टीका करायला हवी होती, ती आता करतो आहे. चूक मुलांपेक्षा माझी अधिक आहे, हेही सांगून टाकतो.

आधी प्लेटविषयी थोडे. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीजप्रवाह सोडला तर सांध्यापाशी उष्णता शोषली जाते किंवा बाहेर पडते, हे १८३४ साली झाँ पेल्टिअर या फ्रेंच माणसाला दिसले. हा गृहस्थ मूळचा घड्याळजी. चार वर्षांनी लेन्झने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. पण धातूंमध्ये हा परिणाम फार क्षीण असतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर बिस्मथ टेल्युराइडसारखे अर्धवाहक हाती आले, तेव्हा कुठे तो कामाचा झाला. बाजारात सर्रास मिळणारी प्लेट चार सेंटिमीटर चौरस असते. तिच्यावर शेवटी १२७०६ असा आकडा छापलेला असतो. त्यातले १२७ म्हणजे आतल्या अर्धवाहक जोड्यांची संख्या आणि ०६ म्हणजे तिला सोसणारा सहा अँपिअरच्या आसपासचा प्रवाह. तिला १२ व्होल्ट दिले की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. हलणारा भाग नाही, वायू नाही, आवाज नाही. मुले भुलतात त्यात नवल नाही, मीही भुललो.

पण प्लेट थंडी "निर्माण" करत नाही. ती उष्णता एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकते आणि या हमालीसाठी घेतलेली वीजही उष्णता होऊन त्याच गरम बाजूला जमा होते. किती उष्णता उचलली, हे मुलांच्या आकड्यांवरूनच निघते. एक लिटर पाणी ९ अंशांनी थंड करायचे तर सुमारे ३७,८०० ज्यूल काढावे लागतात. अर्धा तास म्हणजे १,८०० सेकंद. भागाकार केला की येतात २१ वॅट. प्लेट घेत होती १२ व्होल्टला साधारण साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. तीन रुपये हमाली देऊन एक रुपयाचा माल हलवला. पेटीच्या भिंतींतून आणि नळ्यांतून आत झिरपणारी उष्णता धरली तर प्लेटची कामगिरी याहून बरी ठरेल, पण दुपटीपेक्षा फारशी नाही.

हा भागाकार नववीतला विद्यार्थी करू शकतो. मी तो समोर बसून केला नाही. केला असता तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: काम करताना प्रोसेसर किती उष्णता देतो? घरगुती संगणकाच्या साध्या प्रोसेसरसाठी ६५ वॅट हा नेहमीचा आकडा. प्लेट २१ उचलणार, फार तर ४०. प्रोसेसर देणार ६५. म्हणजे पाणी तापतच जाणार. मला दाखवलेले २५ अंश संगणक बंद असतानाचे होते आणि मी ते विचारले नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. प्लेटची वीज काही कारणाने गेली तर ती नुसती निरुपयोगी होत नाही, ती अडसर बनते. अशा प्लेटमधून स्वतःहून वाहणारी उष्णता दर अंश फरकामागे साधारण अर्धा वॅट असते. म्हणजे ६५ वॅट पलीकडे जायला दोन बाजूंत १३० अंशांचा फरक लागेल! तिच्या जागी साधा रेडिएटर आणि पंखा असता, तर पाणी खोलीपेक्षा पाच-दहा अंश गरम राहून निमूटपणे काम करत राहिले असते. प्रोसेसरला तेवढे पुरते. नव्वद अंशांच्या आसपास गेल्याशिवाय तो सहसा कुरकुर करत नाही. त्याला खोलीपेक्षा थंड ठेवण्याची गरज घरात कोणालाच नसते.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. पाणी नळीतून आले नाही, हवेतून आले. मुलांनी एक पद्धत पाडून घेतली होती: आधी अर्धा-पाऊण तास प्लेट चालवून पाणी गार करायचे, मग संगणक सुरू करायचा. हरसूलचा जुलै आठवा. दिवसेंदिवस पाऊस, वाळत घातलेले कपडे तसेच ओले. खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली तर दवबिंदू तापमान येते २५ अंशांच्या थोडे वर. त्याखाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला घाम फुटणार. मुलांचे पाणी २० अंशांवर होते. अशी एक घनमीटर हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर जवळपास ६ ग्रॅम पाणी सोडते आणि दारा-खिडक्यांतून नवी दमट हवा येतच असते. प्रोसेसरवरचा ठोकळा भिजला, थेंब ओघळून मदरबोर्डवर गेले आणि मग कोणीतरी बटण दाबले.

दहावीच्या विज्ञानात दवबिंदू आहे. थंड बाटलीच्या बाहेर जमणारे थेंब आपण दरवर्षी शिकवतो. तेच थेंब संगणकाच्या पेटीत येतील, हे मात्र माझ्यासकट कोणाच्या डोक्यात आले नाही. एप्रिलमध्ये ते दिसणारही नव्हते. ३४ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १४ च्या आसपास असतो आणि २५ अंशांचे पाणी कोरडेठाक राहते. थोडक्यात, ज्या ऋतूत मी प्रतिकृती पाहिली, त्या ऋतूत तिचा दोष झाकलेला होता.

मोठ्या कंपन्याही या वाटेने गेल्या आहेत. इंटेलने २०२० साली पेल्टिअर आणि पाणी यांची जोडणी असलेली शीतकरण पद्धत बाजारात आणली. तिच्यात तापमान आणि आर्द्रता मोजणारे संवेदक होते. दवबिंदूच्या खाली जाण्याची वेळ आली की नियंत्रक प्लेटचा जोर कमी करी. म्हणजे दवबिंदूची मर्यादा त्यांनीही मानली होती. २०२३ मध्ये कंपनीने ती पद्धत बंद केली. हरसूलच्या पावसाळ्यात असा नियंत्रक बसवला असता तर त्याने प्लेटला पाणी खोलीपेक्षा जेमतेम दोन अंशच थंड करू दिले असते.

आणि एप्रिलमध्ये? मला ज्या माठातले पाणी दिले, तो प्रतिकृतीच्या शेजारीच ठेवला होता. त्या हवेत ओल्या फुग्याच्या तापमापीने २१ अंशांच्या आसपास दाखवले असते. चांगला पाझरणारा माठ त्याच्या जवळपास पोचतो. प्लेटने ६६ वॅट खाऊन जी २१ वॅटची उष्णता काढली, तेवढी काढायला माठाला तासाला ३१ ग्रॅम पाणी उडवावे लागते. दोन मोठे चमचे. माठ संगणकाला जोडा, असे मी म्हणत नाही (पावसाळ्यात तोही हात टेकतो). पण प्रतिकृतीशेजारी तुलनेला तो मांडायला हवा होता.

पेल्टिअर प्लेट वाईट आहे, असा अर्थ कोणी काढू नये. माझ्या प्रयोगशाळेतील अवरक्त संवेदक तिच्यावरच थंड राहतो. कोविडच्या काळात घरोघर नाव पोचलेल्या पीसीआर चाचणीच्या यंत्रात नमुने क्षणात तापवायला आणि गार करायला बहुधा हीच प्लेट असते. काही वॅटच हलवायचे असतील, जागा चिमुकली असेल आणि तापमान अचूक हवे असेल, तर तिला तोड नाही. शेकडो वॅटांच्या कामाला ती जुंपली की तिची दमछाक होते.

फोनवर मित्राने विचारले, "मग आता या प्लेटचं काय करायचं?" तिचे एक फार चांगले काम हरसूलमध्येच आहे. थंड बाजूवर चकचकीत स्टीलचा पातळ तुकडा उष्णतावाहक लेप लावून बसवायचा, त्याला तापमापीचा संवेदक चिकटवायचा आणि प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. तुकडा धुरकटला की तापमान लिहायचे. प्रवाह कमी करून धुके विरले की पुन्हा लिहायचे. दोहोंची सरासरी म्हणजे दवबिंदू. हवामानशास्त्रात याच तत्त्वावर चालणारी थंड आरशाची आर्द्रतामापी वापरली जाते आणि ती फार विश्वसनीय मानली जाते.

ऑगस्टमध्ये मुलांनी ती केली. पहिल्या दिवशीची नोंद मला कळवली: धुके धरले २४.३ अंशांना, विरले २५.१ ला. शेजारी ओल्या आणि कोरड्या फुग्याचे तापमापी टांगून त्यांवरून काढलेला दवबिंदू होता २५. जुना मदरबोर्ड त्यांनी टेबलावरच, त्या मांडणीला लागून ठेवला आहे.