खडू, कोमलता आणि निसर्गचित्र : एका माध्यमाच्या नामकरणाची चिकित्सा

महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाची परंपरा प्रामुख्याने जलरंगाची आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) आणि मुंबईचे प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) यांची नावे घेतली की या परंपरेची उंची ध्यानी येते. तिच्या तुलनेने ‘सॉफ्ट पेस्टल’ या माध्यमातील निसर्गचित्राकडे मराठी समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. आणि गेले, तर ‘कोमल’, ‘तरल’, ‘हळुवार’ अशा दोन-चार विशेषणांवर तिची बोळवण होते. या उपेक्षेचे एक कारण चित्रकलेत नसून भाषेत आहे. ‘खडू’, ‘पेस्टल’ आणि ‘सॉफ्ट’ हे तीन शब्द या माध्यमाचे खरे स्वरूप झाकून टाकतात.

प्रथम ‘खडू’ या शब्दाचा विचार करावा. संस्कृत ‘खटिका’शी नाते सांगणारा हा शब्द मराठीत आज निदान चार भिन्न वस्तूंना लावला जातो : फळ्यावर लिहावयाचा खडू, मेणाचा खडू, तेलकट खडू आणि चित्रकाराचा कोरडा रंगखडू. यांपैकी तेलकट खडू हे विसाव्या शतकातील अपत्य होय. जपानमधील साकुरा या कारखान्याने तो १९२५ साली बाजारात आणला. त्यात मेण आणि न वाळणारे तेल असते. उलट कोरड्या रंगखडूत रंगद्रव्याची पूड, पांढरी खडूमाती आणि त्यांना धरून ठेवण्यापुरताच डिंक एवढेच असते. तेलकट खडूचे चित्र पूर्णपणे कधीच वाळत नाही, आणि काचेला टेकले तर चिकटते. कोरड्या खडूचे चित्र पुडीच्या रूपानेच कागदावर राहते. त्याची काच आणि कागद यांत अंतर ठेवावे लागते. प्रदर्शनातील चित्राखाली नुसते ‘पेस्टल’ असे लिहिले असता यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे कळावयास मार्ग नसतो. शाळेत ज्या मुलाच्या हाती तेलकट खडू पडला, तो पुढे कोरडा खडूही त्याच सवयीने बोटाने घासू लागतो, आणि माध्यमाचा प्राणच घासून टाकतो.

‘पेस्टल’ या शब्दाची कथा याहून उद्‌बोधक आहे. इटालियन ‘पास्ता’, म्हणजे मळलेला गोळा, यापासून ‘पास्तेल्लो’ आणि त्यापासून हा शब्द आला. मुळात तो कृतीचा वाचक आहे, रंगच्छटेचा नव्हे. परंतु लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या दुकानात ‘पेस्टल रंग’ म्हणजे फिका रंग, हा अर्थ आता रूढ झाला आहे, आणि तोच अर्थ नकळत चित्रसमीक्षेत शिरला आहे. वास्तविक देगा किंवा ओदिलाँ रदाँ यांची या माध्यमातील चित्रे पाहिली, तर फिकेपणाचा आरोप टिकत नाही. तैलरंगात तेल असते, जलरंगात डिंकाचे प्रमाण अधिक असते. येथे रंगद्रव्य जवळजवळ उघडे असल्याने ते अधिक प्रखर दिसू शकते.

‘सॉफ्ट’ या विशेषणाचे भाषांतर ‘कोमल’ असे करणे, ही तिसरी चूक. ते विशेषण भावाचे नसून घडणीचे आहे. डिंक कमी, म्हणून कांडी भुसभुशीत. डिंक अधिक, म्हणून कांडी कठीण. भुसभुशीत कांडीने काढलेले चित्र कोमल असेलच असे नाही. वळवाच्या पावसापूर्वीचे काळेकुट्ट आभाळ त्याच कांडीने काढता येते.

या कृतीचे मूळ तत्त्व दख्खनला अपरिचित नव्हते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात काजळ भाताबरोबर मळून वळलेल्या ‘वर्तिके’चे वर्णन येते. रंगद्रव्य, चिकटद्रव्य आणि वळलेली कांडी ही तिन्ही अंगे तेथे आहेत. मात्र तिचा उपयोग आराखडा रेखण्यापुरता होता. तथापि तेवढ्यावरून आज ‘रंगवर्तिका’ अशी संज्ञा घडविण्याचे प्रयोजन दिसत नाही. ती पत्रिकेत शोभेल, पण रंगसाहित्याच्या दुकानात कोणास कळणार नाही. ‘कोरडा रंगखडू’, ‘तेलखडू’, ‘मेणखडू’ आणि ‘फळ्याचा खडू’ एवढा भेद कटाक्षाने पाळला, तरी काम भागते.

नावांचा प्रश्न येथे संपत नाही. तो चित्राच्या अंतरंगापर्यंत पोचतो. जलरंगात चित्रकार तबकडीत रंग मिसळतो. कोरड्या खडूत तशी सोय नाही. खडू करणारा एकेका रंगात पांढरी माती किंवा काळे द्रव्य कमी-अधिक घालून उजळ आणि गडद कांड्यांची श्रेणी तयार करतो. चित्रकाराने तीतून निवड करावयाची असते. म्हणून या माध्यमात निसर्गचित्र काढणे हे प्रथमतः निवडीचे काम आहे, आणि निवड करणारा मनुष्य बहुधा नावाच्या आधारे निवडतो.

मराठीतील रंगवाचक शब्दांचे या दृष्टीने दोन वर्ग पडतात. आकाशी, पोपटी, मोरपंखी, शेवाळी, तपकिरी, डाळिंबी हे वस्तुवाचक शब्द. ते रंगाला एका वस्तूशी बांधतात. निळसर, हिरवट, तांबूस, काळपट, पांढुरका हे प्रत्ययसाधित शब्द. ते एक रंग दुसऱ्याकडे किती झुकला, हे सांगतात. निळाशार, पिवळाधमक, लालभडक हे जोडशब्द तीव्रता दाखवितात. खडूच्या पेटीची रचना दुसऱ्या वर्गासारखी असते, नवशिका मात्र ती पहिल्या वर्गाप्रमाणे वापरतो. आभाळ दिसले की तो आकाशी कांडी उचलतो, आणि झाड दिसले की पोपटी. पण पुण्याचे मे महिन्यातील दुपारचे आभाळ आकाशी नसते. ते क्षितिजाजवळ पांढुरके, धुळकट पिवळसर असते. वेताळ टेकडीचे उन्हाळ्यातील गवत हिरव्याच्या जवळपासही नसते, आणि दूरवरचा सिंहगड झाडीने भरलेला असला तरी निळसर दिसतो. अशा वेळी दृश्य रंगविले जात नाही, नाव रंगविले जाते.

या संदर्भात फ्रान्समधील एक दाखला महत्त्वाचा आहे. बोदलेअरने १८५९ मध्ये यूजेन बूदँ याच्या कोरड्या खडूतील आकाश-अभ्यासांची प्रशंसा केली, तेव्हा त्या चित्रांच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा यांची नोंद असल्याचे त्याने आवर्जून सांगितले. तेथे आभाळाची ओळख रंगनामाने नव्हे, तर प्रसंगाने झाली आहे.

तंत्राचे बहुतेक नियम याच विचारातून उलगडतात. कागद खरखरीत हवा, कारण त्याच्या खाचांतच पूड अडकते; खाचा भरल्या की पुढचा थर बसत नाही. म्हणून आधी कठीण कांडी आणि शेवटी भुसभुशीत, हा क्रम. जलरंगात कागदाचा पांढरा राखून गडदाकडे जावयाचे. येथे सामान्यतः गडदाकडून उजळाकडे यावयाचे. श्रावणातील टेकडीचा हिरवा रंग तयार हिरव्या कांडीने काढला तर कच्चा दिसतो. विटकरी किंवा जांभळट कागदावर निळा आणि पिवळट मातकट रंग तुटक फटकाऱ्यांनी एकमेकांवर ठेवले, तर तो जिवंत होतो. मिश्रण तबकडीत न होता कागदावर, आणि काही अंशी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. बोटाने घासले की हा तुटकपणा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर प्रकाशही.

पूड स्थिर करण्याच्या राळेच्या फवाऱ्याबाबतही असाच विवेक हवा. पुडीच्या कणांमधील हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि रंग उजळ दिसतो. राळ त्या पोकळ्या भरते, त्यामुळे रंग गडद होतो आणि पांढरे बसून जाते. शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही मोकळ्या कणांची झळाळी समजावून सांगावी लागणार नाही. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते; चित्र टिकवावयाचे असल्याने त्याची चौकट, काच आणि पावसाळी दमटपणात वाढणाऱ्या बुरशीपासून संरक्षण, यांचा विचार आधीच करावा लागतो. पूड फुंकरीने उडवू नये, फळी उभी धरून टिचकीने झाडावी; काही रंगद्रव्ये श्वासावाटे अपायकारक असतात.

यावरून समीक्षकाचे कर्तव्य स्पष्ट होते. कोरड्या खडूच्या निसर्गचित्रापुढे उभे राहून ते कोमल आहे की नाही, असे विचारणे निरर्थक आहे. चित्रकाराने कोणती कांडी टाळली, कागदाचा मूळ रंग कोठे उघडा ठेवला, खालचा थर वरच्यातून कोठे बोलतो, आणि झाडाचा रंग झाडाच्या नावावरून घेतला की त्या वेळच्या उजेडावरून, हे प्रश्न विचारावयाचे आहेत. निळसर आणि निळाशार यांतील अंतर जी भाषा एका प्रत्ययाने दाखविते, तिच्या समीक्षेने ‘पेस्टल’ म्हणजे फिके एवढ्यावर समाधान मानावे, हे त्या भाषेच्या सामर्थ्याशी विसंगत आहे.