'पिठाचे पंजे': जोडीला दिलेले हसू

दादासाहेब फाळके म्हटले की 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आठवतो. 'पिठाचे पंजे' क्वचितच कुणाला आठवतो. १९१४ च्या प्रारंभी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला दाखवलेला हा विनोदी मूक लघुपट. मुख्य चित्रपट दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकींमुळे इतिहासात राहिला. लघुपटाचे जवळजवळ नावच उरले.

ही जोडी आम्हांस अर्थपूर्ण वाटते. एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटकमंडळ्या पौराणिक आख्यानानंतर फार्स करीत. देवदानवांच्या अद्भुतातून प्रेक्षकाला पुन्हा माणसांत आणून सोडण्याचे काम तो करी. फाळक्यांच्या कार्यक्रमात आम्हांस तीच रीत दिसते. मात्र तिच्याबरोबर फार्सचे दुय्यम स्थानही आले.

त्याच वर्षी अमेरिकेत चार्ली चॅप्लिन प्रथम पडद्यावर आला. तेथेही विनोदी लघुपट ही कार्यक्रमातील भरच होती. परंतु ते सातत्याने निघत राहिले आणि त्या सरावातून कला घडली. बस्टर कीटनचा 'वन वीक' (१९२०) पाहावा. नवविवाहित जोडपे सुट्या भागांचे घर बांधते. प्रतिस्पर्ध्याने पेट्यांवरील आकडे बदलल्याने ते वेडेवाकडे उभे राहते आणि अखेर रुळांवर अडकते. समोरची गाडी शेजारच्या रुळावरून जाते. दोघे सुटकेचा निःश्वास टाकतात, तोच उलट दिशेची गाडी घराचा चुराडा करते. नायक ढिगाऱ्यावर 'विकणे आहे' ही पाटी लावतो, बांधणीची सूचनापत्रिका जोडतो आणि पत्नीसह चालू लागतो. संसाराचे एवढे शहाणपण अनेक गंभीर चित्रपटांतही आढळत नाही.

'पिठाचे पंजे' या तोडीचा होता काय, हे सांगता येत नाही. न पाहिलेल्या कृतीची स्तुती ही समीक्षा नव्हे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. ज्वालाग्राही, लवकर नासणारी फिल्म हे एक कारण. जोडीच्या वस्तूला कुणी मौल्यवान मानले नाही, हे दुसरे.

हे दुसरे कारण अद्याप संपलेले नाही. भोपाळच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवांत केलेल्या प्रहसनांपैकी कितींच्या संहिता आज हाती लागतील? गंभीर नाटकाची वही कपाटात जाते, प्रहसनाची रद्दीत. विनोदाचे मोल पुढील पिढीने ठरवावे. त्यासाठी तो तिच्यापर्यंत पोहोचवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.