एक-दीड बोटाची परंपरा

फ्लोरेन्सच्या 'बिस्टेक्का आला फियोरेन्तिना'चे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तीन-चार बोटं जाड, हाडासकट बीफचा तुकडा निखाऱ्यांवर चरचरत असतो आणि खाली कुणीतरी बजावतं, 'याहून पातळ असेल तर ती अस्सल नव्हेच!' मीही हे खरं मानत होतो. मग पेल्लेग्रिनो आर्तूसीचं पुस्तक इंग्रजी भाषांतरात वाचलं.

आर्तूसी रेशमाचा व्यापारी. सत्तरी ओलांडल्यावर, १८९१ मध्ये, त्यानं फ्लोरेन्समध्ये पदरमोड करून स्वयंपाकाचं पुस्तक छापलं. इटली एकसंध होऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. वाचकांनीही पाककृती कळवल्या आणि ४७५ पाककृतींचं पुस्तक वाढत वाढत ७९० वर गेलं. आज इटलीत ते घरोघरच्या परंपरेचा आधारग्रंथ मानलं जातं.

या ग्रंथात बिस्टेक्का किती जाड आहे? एक बोट, फार तर दीड. शिवाय हा शब्द इंग्रजी 'बीफस्टेक'वरून आलाय, हे आर्तूसी पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो. मीठ-मिरपूड भाजल्यावर घाला, आधी तेल लावाल तर चव बिघडेल, असं तो ठणकावतो. पण हा आग्रह चवीचा आहे, शुद्धतेचा नाही. मला हा माणूस आवडला तो इथेच.

पुस्तकातली उणीव मात्र मोठी आहे. आपण सुखवस्तू वर्गासाठी लिहितोय, हे तो स्वतःच कबूल करतो. त्याच काळात उत्तर इटलीतले शेतमजूर मक्याच्या पोलेन्तावर दिवस काढत होते आणि त्यामुळे होणाऱ्या पेलाग्रा या रोगानं खंगत होते. किआना खोऱ्यातल्या ज्या पांढऱ्या किआनिना गुरांच्या नावावर आज फियोरेन्तिना मिरवते, ती तेव्हा नांगर ओढायची. नांगरामागे चालणाऱ्याच्या ताटात बीफ क्वचितच पडायचं. दक्षिण इटलीही या पुस्तकात अगदी थोडी आहे. म्हणून याला 'इटलीची परंपरा' म्हणताना माझी जीभ अडखळते.

आता ब्रेझाओला बघा. आल्प्समधल्या वाल्तेल्लिना खोऱ्यात बीफला मीठ-मसाला लावून, ते आठवडेच्या आठवडे वाळवून करतात. १९९६ पासून तिला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे. पण ते संरक्षण ती कुठे बनते याला आहे, गुरं कुठली याला नाही. बरंचसं मांस ब्राझीलहून येतं, तिथल्या वशिंडवाल्या झेबू गुरांचं. आणि ब्राझीलमधल्या झेबूंपैकी सर्वात मोठी 'नेलोर' ही जात आली आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून. नावसुद्धा नेल्लोरचं!

हे कळल्यावर 'म्हणजे सगळी फसवणूकच' असं म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. मीठ किती लावायचं, किती दिवस टांगायचं, हे त्या खोऱ्यातल्या लोकांनी कमावलेलं ज्ञान आहे आणि ते खरंच आहे. खोटा आहे तो 'हे पहिल्यापासून असंच होतं' हा दावा. तो करणारे बहुधा कुणाला तरी पंगतीतून उठवायला निघालेले असतात. हे मला इटलीत जाऊन शिकावं लागलं नाही.

आर्तूसी वाचा, पण पोथी म्हणून नको. त्यानं स्वतः ते पुस्तक वीस वर्षं दुरुस्त केलं.