तात्पर्याच्या आधी

मराठी बालवाङ्मयाची सुरुवात शोधताना आपली नजर मुंबईकडे जाते आणि १८२८ साली निघालेल्या बापू छत्र्यांच्या ‘बालमित्रा’वर थांबते. पण त्याच्या बावीस वर्षे आधी, १८०६ मध्ये, कावेरीच्या मुलखात तंजावरला ‘बालबोध मुक्तावली’ छापून झाली होती. इसापच्या गोष्टींचे हे मराठी रूपांतर दुसऱ्या सरफोजी राजांच्या पुढाकाराने त्यांच्याच छापखान्यात निघाले. आधी कोण, या वादात मला रस नाही. मुलाला पुस्तकाची गोडी कशी लावायची, या प्रश्नाची दोन उत्तरे तंजावरने दिली आहेत. त्यांपैकी एकच आपल्या शाळांत रुजले, ही माझी तक्रार आहे.

पुस्तकाच्या नावापासूनच सुरुवात करू. त्या काळी कारभाराची लिपी मोडी होती. देवनागरीला मराठीत ‘बालबोध’ म्हणत, म्हणजे पोरालाही कळेल अशी लिपी. जलद लिहिणाऱ्या कारकुनाची सोय मोडीत होती, तर सुटी, स्वच्छ अक्षरे लावून वाचणाऱ्याची सोय बालबोधीत. म्हणजे हे नावच सांगते की पुस्तक वाचणाऱ्याच्या बाजूने उभे आहे. पहिले उत्तर ते हेच: सोपी लिपी, छोटी गोष्ट आणि प्राण्यांची ओळखीची जत्रा.

पण इसापच्या छापील परंपरेला एक शेपूट आहे, ते म्हणजे गोष्टीखालचे तात्पर्य. गोष्ट ऐकताना मूल कोल्ह्याबरोबर द्राक्षांकडे उडी मारत असते. तात्पर्य त्याला खाली ओढून विचारते, ‘मग काय शिकलास?’ शाळेने गोष्टीपेक्षा हे शेपूटच जपले. धडा संपला की स्वाध्याय, पुस्तक मिटले की सारांश. वाचलेल्या प्रत्येक पानावर जकात बसते हे कळले, की शहाणे मूल त्या वाटेने जाणे सोडते. त्याला आपण ‘वाचनाची आवड नाही’ म्हणतो.

दुसरे उत्तर सरफोजींच्याच ‘देवेंद्र कुरवंजी’त आहे. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, आपण हिंडलेल्या मुलखाची वर्णने गाते आणि विरहात झुरणाऱ्या नायिकेचा हात पाहते. तंजावरच्या प्रेक्षकांना हा साचा तोंडपाठ होता. सरफोजींनी तो मराठीत आणला आणि त्या बाईच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला, तोही गाण्यांतून. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजाला युरोपचे नवे ज्ञान पुस्तकांतून मिळाले होते. ते पुढे देताना त्याने पुस्तकाची चाल ठेवली नाही, गावातली चाल घेतली.

समीक्षक म्हणून मला ‘मुक्तावली’पेक्षा ही ‘कुरवंजी’ अधिक धीट वाटते. भूगोल सोपा करण्यावर ती थांबत नाही, तो ऐकावासा वाटेल अशा तोंडी देते. भटकून आलेल्या माणसाला आपण आपणहून विचारतो, ‘आणखी काय पाहिलंस?’ तात्पर्यात प्रश्न शिक्षकाचा असतो, इथे तो ऐकणाऱ्याचा होतो. अर्थात हा दरबारी खटाटोप होता, आणि राजाश्रयाने घरोघर वाचक तयार होत नाहीत. तरी पद्धत म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

आजच्या तंजावरात हा मुद्दा अधिक टोकदार होतो. थोरल्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडीतली दप्तरे आहेत. आणि याच शहरात घरी मराठी बोलणारी, पण शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकणारी मुले आहेत. त्यांची मराठी कानात आहे, डोळ्यांत नाही. अशा मुलापुढे आधी बाराखडीचा तक्ता टांगला, तर आजीची भाषा त्याच्या लेखी आणखी एक विषय होऊन बसते.

मला उलटा क्रम योग्य वाटतो. शिक्षकाने किंवा आजीने आधी वाचून दाखवावे, रोज दहा मिनिटे, आणि नंतर काहीही विचारू नये. मग तीच गोष्ट तमिळ अक्षरांत लिहून मुलाच्या हाती द्यावी. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे ‘गाय’ आणि ‘काय’ सारखेच दिसतील. पण ज्याने गोष्ट ऐकली आहे ते मूल अडणार नाही. त्याचा कान गाय ओळखेल आणि डोळा मागून येईल. देवनागरी त्यानंतर यावी, ही दोन अक्षरे वेगळी का हवीत हे मुलालाच जाणवल्यावर.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: काहीच विचारायचे नाही, तर मुलाला कळले हे कळणार कसे? त्याला ती गोष्ट धाकट्या भावंडाला सांगू द्यावी. सांगताना तो काय गाळतो, काय फुगवतो, कुठे हसतो, यातून समज दिसते, आणि ती पाच ओळींच्या उत्तरापेक्षा खरी असते. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला, तमिळनाडूच्याच अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. तो असावा. पण मुलाचा वाचक होतो तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत, कुणीतरी आवाज लावून वाचते आणि वाचून झाल्यावर गप्प राहते म्हणून.

तात्पर्य खोटे नसते. पण ते मुलाला चाळिशीत आठवले तरी चालेल. आठव्या वर्षी त्याला एवढेच वाटायला हवे, की कोल्ह्याने आणखी एकदा उडी मारून पाहायला हवी होती.