प्रतिसाद वर्णपटाची नोंद : भूकंप-विश्लेषणाच्या संगणकीय व्यवहाराची एक चिकित्सा

प्रास्ताविक

बहुमजली इमारतीचे भूकंप-विश्लेषण ही आज संगणकावर काही मिनिटांत उरकणारी बाब झाली आहे. स्टॅड प्रो, ईटॅब्स, सॅप २००० यांसारख्या प्रणालींत इमारतीचा सांगाडा उभा केला, की ‘रिस्पॉन्स स्पेक्ट्रम’ अर्थात प्रतिसाद वर्णपटाची चौकट उघडता येते. भूकंपक्षेत्र, मृदाप्रकार, अवमंदन आणि एक गुणक एवढे रकाने भरले, की उरलेले सर्व गणित यंत्र करते. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रणालींच्या अचूकतेवर नाही. त्यांचे गणित बहुतांशी निर्दोष असते. चिकित्सेचा विषय आहे तो रकाने भरण्याच्या रीतीचा. त्या चौकटीतील प्रत्येक रकाना माहितीचा दिसतो, परंतु वस्तुतः तो निर्णयाचा असतो. आणि निवड-यादीतून एक ओळ टिपण्याच्या सोयीमुळे निर्णय घेतला जात आहे याची जाणीवच वापरकर्त्याला राहत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी मूळ संकल्पना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एकाच पाटावर कमी-अधिक उंचीच्या अनेक लवचीक काठ्या उभ्या केल्या आणि पाट भूकंपाप्रमाणे हलविला, तर प्रत्येक काठी आपापल्या स्वाभाविक दोलनकालानुसार कमी किंवा अधिक झुलेल. प्रत्येक काठीच्या शेंड्याने गाठलेले सर्वाधिक त्वरण टिपून ते तिच्या दोलनकालासमोर मांडले, की जो वक्र मिळतो तोच प्रतिसाद वर्णपट होय. इमारत ही अशा अनेक काठ्यांच्या बेरजेसारखी वागते, म्हणून हा एकच वक्र हाताशी असला की तिच्यावर येणाऱ्या बलांचा अंदाज बांधता येतो.

वक्राची पूर्वपीठिका

ही कल्पना मॉरिस बायो यांनी १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातील आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली. पुढे १९४० च्या दशकारंभी वर्णपटाचा एकेक बिंदू काढण्यासाठी त्यांनी पीळ घेणाऱ्या दोलकाचे एक यांत्रिक साधन वापरले. एक बिंदू म्हणजे एक स्वतंत्र प्रयोग, इतके हे काम कष्टाचे होते. जॉर्ज हाऊसनर यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोजक्या नोंदींवरून सरासरी काढून जो गुळगुळीत वक्र सिद्ध केला, त्याने संहितांतील वक्रांना वळण दिले. म्हणजेच संहितेतील वक्र हा कोणत्याही एका भूकंपाचा नसतो. अनेक भूकंपांतील उंचसखलपणा घासून केलेली ती एक तडजोड असते.

महाराष्ट्राला या तडजोडीची मर्यादा फार लवकर कळावयास हवी होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपाची नोंद प्रत्यक्ष धरणातील त्वरणमापकावर झाली. धरणाच्या अक्षाच्या दिशेने सर्वाधिक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट होते. धरणाचे संकल्पन मात्र सर्व उंचीवर ०.०५ हा एकच भूकंप-गुणांक धरून झालेले होते. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, कारण पहिला क्षणिक शिखराचा आहे व दुसरा स्थिर बलाचा. तरीही धरणाच्या खालच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो तेथेच तडे का गेले, याचे उत्तर स्थिर गुणांकाच्या गणिताला देता आले नाही. गतिक विश्लेषणाने ते दिले. या अनुभवातून भारतीय संरचना अभियांत्रिकी वर्णपटाकडे वळली, हे विसरून आज तो केवळ ‘सॉफ्टवेअरमधील एक पर्याय’ म्हणून शिकविला जातो.

क्षेत्र, मृदा व अवमंदन

आयएस १८९३ या संहितेच्या २००२ च्या आवृत्तीपासून क्षैतिज भूकंप-गुणांकाचे सूत्र असे आहे : क्षेत्र-गुणांकाचा निम्मा भाग, गुणिले महत्त्व-गुणांक भागिले प्रतिसाद-न्यूनक, गुणिले वर्णपटावरील उंची. २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत दुसऱ्या ते पाचव्या क्षेत्रासाठी क्षेत्र-गुणांक अनुक्रमे ०.१०, ०.१६, ०.२४ व ०.३६ असे आहेत. निवड-यादीत हे आकडे निसर्गनियमासारखे स्थिर भासतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा १९८४ च्या नकाशानुसार तो प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात पहिले क्षेत्र संपुष्टात आले व हा प्रदेश तिसऱ्या क्षेत्रात गेला. जमीन तीच होती, तिच्याविषयीचे मत बदलले. यादीतील ओळ निवडणारा अभियंता अशा एका मतावर स्वाक्षरी करीत असतो.

मृदेच्या रकान्यात याहून अधिक गफलत होते. पाच टक्के अवमंदनासाठी संहितेच्या वक्राचा माथा तिन्ही मृदाप्रकारांत २.५ हाच आहे. फरक आहे तो माथा कोठे संपतो यात : कठीण भूमीसाठी ०.४० सेकंदाला, मध्यमसाठी ०.५५ ला आणि मऊ मृदेसाठी ०.६७ ला. त्यापुढे वक्र दोलनकालाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. परिणामी बुटक्या इमारतीत मृदेची निवड चुकली तरी उत्तर बदलत नाही आणि निवडीला महत्त्व नाही असा ग्रह होतो. परंतु एक सेकंद दोलनकालाच्या इमारतीसाठी हीच उंची कठीण भूमीवर १.००, मध्यमवर १.३६ व मऊ मृदेवर १.६७ असते. एका टिचकीने बल सदुसष्ट टक्क्यांनी बदलते. मृदा-परीक्षणाचा अहवाल हाती येण्यापूर्वीच प्रतिरूप तयार करण्याची घाई सर्वत्र असल्याने यादीतील मधली ओळ निवडली जाते. ‘मध्यम’ या शब्दाला असलेली सुरक्षिततेची छटा येथे फसवी आहे.

मऊ मृदा काय करू शकते याचे अभ्यासकांना परिचित उदाहरण मेक्सिको शहराचे आहे. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर पॅसिफिक किनाऱ्यावर झाला. जुन्या सरोवराच्या गाळावरील एका केंद्रावर जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या केवळ ०.१७ पट नोंदले गेले. परंतु दोन सेकंदांच्या आसपास त्याच नोंदीचा वर्णपट जवळजवळ एक पट, म्हणजे जमिनीच्या सुमारे सहापट उंच गेला. भारतीय संहितेच्या मऊ मृदेच्या वक्राची दोन सेकंदांवरील उंची जेमतेम ०.८४ आहे. अशा जागी संहितेतील तिन्ही ओळी निरुपयोगी ठरतात आणि स्थानविशिष्ट वर्णपटच तयार करावा लागतो. प्रणालीत तशी सोय असते, पण ती यादीच्या तळाशी असते.

अवमंदनाबाबत थोडक्यात एवढेच, की २००२ च्या आवृत्तीत पोलादी इमारतींसाठी दोन व काँक्रीटसाठी पाच टक्के असा भेद होता, व दोन टक्क्यांसाठी वक्राला १.४० ने गुणावे लागे. २०१६ मध्ये सर्व इमारतींना पाच टक्के लागू झाले. जुन्या प्रकल्पाची संचिका उघडून तीच पुढे वापरण्याची सवय असलेल्या कार्यालयात कोणती आवृत्ती चालू आहे हे अनेकदा कोणालाच सांगता येत नाही.

वक्र स्वतः भरताना होणारी एक चूक मात्र निव्वळ अंकगणिताची आहे. मध्यम मृदेचा वक्र एक सेकंदाला १.३६ व दोन सेकंदांना ०.६८ एवढ्या दोनच बिंदूंनी दिला, तर दीड सेकंदाला सरळ रेषेने १.०२ मिळते; खरी उंची सुमारे ०.९१ आहे. बिंदू विरळ असले की वक्र फुगतो.

गुणक आणि समायोजन

सर्वाधिक गंभीर प्रश्न गुणकाच्या रकान्यात आहे. काही प्रणालींत क्षेत्र-गुणांक वक्रातच अंतर्भूत असतो, काहींत तो वापरकर्त्याने गुणकात द्यावयाचा असतो. एका प्रणालीवर शिकलेला विद्यार्थी दुसरीवर गेला, की तो क्षेत्र-गुणांक दोनदा देण्याची वा मुळीच न देण्याची शक्यता निर्माण होते. तिसऱ्या क्षेत्रात तो दोनदा दिला, तर बल मूळ मूल्याच्या सोळा टक्क्यांवर येते. मीटर आणि मिलिमीटर यांच्या गोंधळात तर हजारपटीचा फरक पडतो.

मग अशा चुका उघडकीस का येत नाहीत? याचे कारण संहितेच्याच एका हितकर तरतुदीत आहे. गतिक विश्लेषणातून आलेले पायथ्याचे कर्तनबल अनुभवजन्य दोलनकालावरून काढलेल्या बलापेक्षा कमी भरले, तर सर्व परिणाम त्या प्रमाणात वाढवावे, असे संहिता सांगते. ही तरतूद सकारण आहे. उदाहरणार्थ, तीस मीटर उंच व भूकंपाच्या दिशेने वीस मीटर लांब असलेली, विटांच्या भिंतींनी भरलेली काँक्रीटची इमारत घेऊ. संहितेच्या सूत्राने तिचा दोलनकाल सुमारे ०.६० सेकंद येतो. प्रतिरूपात भिंती घेतल्याच नाहीत व केवळ खांब-तुळयांचा सांगाडा घेतला, म्हणून तो दीड सेकंद आला असे मानू. मध्यम मृदेवर वर्णपटाची उंची पहिल्या बाबतीत २.२५ व दुसऱ्या बाबतीत ०.९१ राहील. प्रतिरूप खऱ्या इमारतीपेक्षा लवचीक असल्यामुळेच तिच्यावरील बल अडीचपटीने कमी दिसते, आणि समायोजनाने ही तूट भरून निघते.

परंतु तेच समायोजन गुणकातील चूकही भरून काढते. क्षेत्र-गुणांक दोनदा दिला असेल, तर समायोजनाचा आकडा अडीचऐवजी साडेपंधराच्या आसपास येईल आणि अंतिम बल तेवढेच राहील. अहवालात दोन्ही बले जुळलेली दिसतात, तपासनीस समाधानी होतो, आणि साडेपंधरा हा आकडा रोगाचे लक्षण असूनही औषध म्हणून खपतो. उलट दिशेची चूक, म्हणजे बल अवाजवी वाढणे, संहिता दुरुस्त करीत नाही. ती पोलादाचे देयक पाहून मालकच पकडतो. खर्च वाढविणारी चूक सापडते आणि सुरक्षितता घटविणारी झाकली जाते, ही विषमता या व्यवहारात अंगभूत आहे. शिवाय समायोजनाने एकूण बल जुळले तरी प्रतिरूपातील उणीव दूर होत नाही. तळमजला मोकळा व वर विटांच्या भिंती अशा इमारतीच्या भिंती प्रतिरूपात नसतील, तर तळमजल्याचा मऊपणा कोणत्याही गुणकाने दिसणार नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत वाहनतळासाठी तळमजला मोकळा सोडलेल्या इमारती कोसळल्या.

त्याच गुणकात प्रतिसाद-न्यूनकही दडलेला असतो. साध्या काँक्रीट-चौकटीसाठी तो ३ व विशेष तन्य चौकटीसाठी ५ आहे. पाच लिहिताना अभियंता बलाची मागणी चाळीस टक्क्यांनी कमी करतो आणि त्या बदल्यात एक वचन देतो : खांबांतील रिंगा जवळजवळ बसविल्या जातील व त्यांची टोके १३५ अंशांत आत वळविली जातील. हे वचन प्रत्यक्षात पाळावयाचे असते ते सळ्या बांधणाऱ्या कारागिराने, ज्याने ती चौकट कधी पाहिलेली नसते. रिंगा नव्वद अंशांतच वळविल्या गेल्या, तर संगणकातील पाचला आधार उरत नाही.

परिणामांचे वाचन व अध्यापन

विविध कंपनप्रकारांची उत्तरे वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन किंवा, दोलनकाल परस्परांजवळ असल्यास, सीक्यूसी पद्धतीने एकत्र केली जातात. दोन्ही पद्धतींत बलांची चिन्हे नाहीशी होतात. तुळईच्या दोन्ही टोकांचे नमन-आघूर्ण धन दिसते, सांध्यावर बलांचा समतोल जुळत नाही. ही पद्धतीची चूक नव्हे, ती तिची प्रकृती आहे. मात्र समतोल तपासण्याची स्थितिकीने लावलेली सवय येथे लागू पडत नाही हे विद्यार्थ्याला सांगणारा कोणी नसतो. म्हणून तो समतोलाबरोबर इतर सर्व तपासण्याही सोडून देतो.

पदवी स्तरावरील प्रकल्प-अहवालांत भरलेल्या चौकटीचे चित्र छापण्याचा प्रघात आहे. ते चित्र रकान्यांत काय भरले हे दाखविते, का भरले हे दाखवीत नाही. त्याऐवजी अहवालाच्या एका पानावर पहिल्या कंपनप्रकारासाठी वर्णपटाची उंची हाताने काढून प्रणालीच्या उत्तराशेजारी ठेवणे, वक्रात क्षेत्र-गुणांक आहे की नाही हे स्पष्ट नोंदविणे, संहितेच्या आवृत्तीचे वर्ष लिहिणे आणि समायोजनाचा आकडा, तो तीनहून अधिक असल्यास कारणासह, देणे सक्तीचे करता येईल. यासाठी अभ्यासक्रमात बदल लागत नाही, नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘प्रणाली कोणती वापरली’ याऐवजी ‘मृदाप्रकार कोणत्या अहवालावरून ठरविला’ एवढे विचारले, तरी ते पान कोऱ्या हाताने भरता येणार नाही.