नेसादाचे मूल : सामजातकाच्या पूर्वार्धाचे पुनर्वाचन

कन्हेरी हा शब्द उच्चारताच आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर बोरिवलीजवळची लेणी उभी राहतात. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेली कन्हेरी ती नव्हे. ती पुणे जिल्ह्यात, बारामतीजवळ आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस आणि जेथे पोहोचले नाही तेथे कुसळी गवताचा माळ, अशी बारामती-इंदापूरची भूमी आहे. या माळाचा जुना रहिवासी म्हणजे चिंकारा हरिण. त्याच्या रक्षणासाठी याच तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५ चौरस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. आणि या माळाचा दुसरा जुना जाणकार म्हणजे फासेपारधी. हरणाच्या वाटेवर तातीचे फास रोवावेत, शिकविलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने कळपाकडे सरकावे, ही त्याची विद्या. ती कोणत्याही पोथीत नव्हती. बापाच्या मागे चालत मूल ती शिकत असे.

अशा परिसरातील उपासकांसमोर वर्षावासात सामजातक वाचावयाचे झाल्यास आरंभ कोठून करावा, हा आमचा प्रश्न आहे. प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु आपल्याकडे हे जातक सांगताना अंध मातापिता, पाण्याचा घडा आणि राजाचा बाण येथूनच सुरुवात करण्याची पद्धत पडली आहे. सांचीच्या पश्चिम तोरणावरील शिल्पपटातही पर्णकुटी, नदी आणि धनुर्धारी राजा दिसतो. त्याआधीची कथा तेथे नाही. शिल्पकाराला जागेची अडचण होती असे म्हणता येईल. प्रवचनकाराला ती सबब नाही. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे संपूर्ण जातककथा मराठीत उपलब्ध झालेल्या असताना तर मुळीच नाही.

गाळला जाणारा पूर्वार्ध असा. वाराणसीपासून फार दूर नसलेल्या एका नदीच्या दोन्ही तीरांवर दोन नेसादगावे होती. नेसाद म्हणजे संस्कृतातील निषाद, शिकारीवर जगणारे लोक. प्रत्येक गावात ५०० कुळे. दोन्ही गावांचे प्रमुख एकमेकांचे मित्र. एकाला मुलगा व दुसऱ्याला मुलगी झाली तर त्यांचा विवाह लावावयाचा, असा त्यांचा शब्द ठरलेला. अलीकडच्या तीरावर मुलगा झाला. दुकूल वस्त्रात गुंडाळले म्हणून त्याचे नाव दुकूलक. पलीकडच्या तीरावर मुलगी झाली, म्हणून ती पारिका. हा दुकूलक वाढला तो हरणे आणि मासे मारणाऱ्या घरात, पण त्याने प्राणिहत्या केली नाही. इतरांनी मारून आणलेले मांससुद्धा तो विकीत नसे. विवाहाची इच्छा दोघांनाही नव्हती. वडीलधाऱ्यांच्या आग्रहास्तव विवाह झाला, तरी ती दोघे ब्रह्मचर्यानेच राहिली. तेव्हा आईवडिलांनी मुलाला विचारले : तू नेसादकुळात जन्मलास, तरी शिकार करीत नाहीस आणि संसारही करू इच्छीत नाहीस, मग तू करणार तरी काय? मुलाने प्रव्रज्येची अनुज्ञा मागितली. ती मिळाली. याच दाम्पत्याच्या पोटी पुढे साम जन्मला.

बापाने मुलाला शिकारीस न्यावे आणि मुलाने जाण्यास नकार द्यावा, असा हा प्रसंग आहे. जगातील वाङ्मयात तो दुर्मीळ नसेल; परंतु त्यातील आईवडिलांचे वर्तन आम्हांस विलक्षण वाटते. त्या घरात मारहाण झाली नाही. कुळाला बट्टा लागला, असे कोणी म्हटले नाही. मुलाला कोणी घराबाहेरही काढले नाही. त्यांच्या प्रश्नात संताप कमी आणि व्यवहारी काळजी अधिक आहे. पिढीजात धंदा सोडणाऱ्या मुलाला प्रत्येक घरात हेच विचारले जाते. १९५६ नंतर गावकीची कामे नाकारणाऱ्या तरुणांना त्यांच्या आयांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि तो विचारण्यात त्यांची काही चूक नव्हती.

येथपर्यंत कथा निर्मळ आहे. अट्ठकथाकार मात्र येथे थांबत नाही. नेसादाच्या घरात असे मूल निपजलेच कसे, ही शंका त्याला अस्वस्थ करते. त्याचे उत्तर असे की, ही दोन्ही मुले ब्रह्मलोकातून आली होती; म्हणून ती सुवर्णवर्णाची होती आणि म्हणूनच त्यांच्या हातून हिंसा घडली नाही. या एका स्पष्टीकरणाने कथेचा प्राण जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाचा नकार त्याच्या स्वतःच्या विचारातून आला असता तर तो नेसादकुळाचा गौरव ठरला असता. ब्रह्मलोकातून आणविल्याबरोबर तो नेसादाचा राहत नाही, पाहुणा ठरतो. गुण आढळला की तो दुसरीकडून आला असला पाहिजे, ही जातिव्यवस्थेची जुनी युक्ती आहे. कबीर हा ब्राह्मण विधवेचा पुत्र ठरविला गेला, तोही याच युक्तीने. खेद इतकाच की, येथे ती आपल्याच अट्ठकथेत शिरली आहे.

हा दोष केवळ अट्ठकथेचा, असे म्हणून आम्हांस सुटता येणार नाही. संयुत्त निकायातील पुग्गलसुत्तात पसेनदी राजाला चार प्रकारचे पुरुष सांगताना चांडाळ, वेण, रथकार आणि पुक्कुस यांच्याबरोबर नेसादाचे कूळही नीच कुळांत मोजले आहे. सुत्ताचा रोख अंधारातून प्रकाशाकडे जाता येते हे सांगण्याकडे आहे, आणि ती यादी तत्कालीन समाजाची वस्तुस्थिती म्हणून आली आहे, असा खुलासा करता येतो. तो आम्हांस बव्हंशी मान्यही आहे. तरीही त्या यादीतील कुळांचे वंशज समोर बसलेले असताना ती कोणत्या स्वरात वाचावी, याचा विचार वाचणाऱ्याने केलाच पाहिजे. पूज्य बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची कुलीनता ठरविण्याची उपपत्ती बुद्धवचन म्हणून स्वीकारली नाही. ती कसोटी घेतली तर ब्रह्मलोकाचा मजकूर बाजूला ठेवून दुकूलकाचा नकार तेवढा हाती घेण्यास कोणताही प्रत्यवाय नाही.

याउलट मज्झिम निकायाचे कन्दरकसुत्त अधिक निर्भीड आहे. दुसऱ्यांना पीडा देणाऱ्यांत तेथे हरणे मारणारा शिकारी येतो खरा. पण स्वतःला आणि दुसऱ्यांनाही पीडा देणाऱ्यांत मूर्धाभिषिक्त राजा आणि श्रीमंत ब्राह्मण आहेत, यज्ञासाठी बैल, वासरे आणि मेंढरे कापविणारे. शिकाऱ्याच्या शेजारी यज्ञकर्त्या राजाला बसविणारे हे सुत्त आपल्या पाठांत क्वचितच येते.

सामजातकाच्या उत्तरार्धाकडे वळल्यावर पूर्वार्ध का गाळू नये, हे आपोआप कळते. या कथेत प्रत्यक्ष शिकार करतो तो वाराणसीचा राजा पिळियक्ख. हरणाच्या मांसाच्या लोभाने राज्य आईवर सोपवून तो एकटाच रानात हिंडतो. ज्यांच्या कुळाचा धंदा शिकार, त्यांनी ती सोडलेली. ज्याला अन्नाची ददात नाही तो ती करतो, आणि त्याचा बाण लागतो तो नेसादाच्या नातवाला. बाण मारल्यावर राजा खोटेही बोलतो : हरिण टप्प्यात आले होते, तुला पाहून ते बुजले, म्हणून राग येऊन मी बाण सोडला. साम शांतपणे सांगतो की हरणे मला भीत नाहीत. पूर्वार्ध गाळला की ही सगळी मांडणी नाहीशी होते आणि उरते ती केवळ मातृपितृभक्तीची गोष्ट, म्हणजे श्रावणबाळाची गोष्ट. दोहोंतील एक भेद मात्र लक्षणीय आहे. रामायणात पुत्रशोकाने व्याकूळ झालेला पिता दशरथाला शाप देतो. जातकातील आईवडील राजाला शाप देत नाहीत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे म्हटले आहे. पिळियक्ख इच्छेने मारतो. माळावर फास रोवणारा पारधी गरजेने मारीत होता. दोघांना एकाच शब्दाने ‘शिकारी’ म्हणणे सोयीचे असेल, पण ते धम्मदृष्टीचे वर्गीकरण नाही.

हा भेद मानल्यावर आपल्या आदरणीयांच्या बाबतीतही तो टाळता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा मोठा षोक होता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. याच राजाने फासेपारध्यांना चोर न म्हणता आपल्या सेवेत घेतले, हेही इतिहासात नमूद आहे. त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी १९१८ साली डुकराच्या शिकारीत अपघाताने मृत्यू पावले. विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी आग्रहपूर्वक केली. त्याच वर्षी संस्थानातील महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी त्यांनी बंद केली. या घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. सामजातक वाचताना त्या आठवतात, एवढेच.

बाप, मुले आणि शिकार यांची दुसरी कथा धम्मपद-अट्ठकथेत पापवग्गात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीची कन्या, जी सोतापन्न होती, कुक्कुटमित्त नावाच्या शिकाऱ्याबरोबर निघून गेली. त्यांना सात पुत्र झाले. एके दिवशी कुक्कुटमित्ताच्या जाळ्यात काहीच सापडले नाही. तेथे तथागतांचे पाऊल उमटलेले होते. त्याने रागाने धनुष्य ओढले आणि तो तसाच खिळून राहिला. बापाला शोधत आलेल्या मुलांनीही धनुष्ये ओढली, तीही खिळली. अखेर आई सुनांसह आली आणि ओरडली : माझ्या पित्याला मारू नका! तेव्हा सर्वांची मने वळली; बाप, सात मुलगे आणि सात सुना यांना एकत्रच धम्म लाभला. पुढे भिक्खूंनी विचारले की, पतीला धनुष्यबाण काढून देणारी ही सोतापन्न स्त्री हिंसेची भागीदार नव्हती काय? तथागतांचे उत्तर प्रसिद्ध आहे : हातावर जखम नसेल तर विष भिनत नाही, मनात चेतना नसेल तर पाप लागत नाही.

या उत्तराने चेतनेचे तत्त्व स्पष्ट होते. मात्र पतीची आज्ञा पाळणाऱ्या स्त्रीला निर्दोष ठरविताना, ती आज्ञा नाकारण्याची सोय तिला होती काय, हा प्रश्न भिक्खूंपैकी कोणीही विचारला नाही. सात मुलांच्या हाती धनुष्ये प्रथम कोणी दिली, हेही कोणी विचारले नाही. कथेचे मोल आमच्या मते दुसऱ्या ठिकाणी आहे. मुलांना बापापासून तोडून सुधारण्याची कल्पना त्यात नाही. घर जसे होते तसेच, पंधराच्या पंधरा माणसांनिशी, धम्मात आले.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्या देशात नेमके उलटे झाले. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. १९२४ च्या कायद्यात तर अशा जमातींची ६ ते १८ वर्षे वयाची मुले आईबापांपासून वेगळी करून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. बाप मुलाला वाईट तेच शिकविणार, हे त्यात गृहीत होते. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण याच विचारातून उभे राहिले. मुंबई इलाख्यात १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमाती या तिन्ही समूहांच्या अस्तित्वाबद्दल हिंदू संस्कृतीला त्यांनी जाब विचारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कुंपण गेले, संशय राहिला. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाणारे आजही आहेत, आणि त्यांत पंचशील म्हणणारे कोणीच नसतात, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आता हरणांविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीस किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास होतो. हरिण वाचले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. मिगदायात पहिले प्रवचन ऐकलेल्या परंपरेला तो असणारही नाही. पण निग्रोधमिगजातक या दृष्टीने पुन्हा वाचावे. गरोदर हरिणीऐवजी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवणारा निग्रोध राजाकडून प्रथम हरणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि माशांना अभय मिळवितो. पुढे हरणे पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे गाऱ्हाणे नेतात. राजा दिलेला शब्द मोडण्यास नकार देतो. तेव्हा निग्रोध स्वतःच कळपाला आवरतो, आणि शेताच्या कडेला पाने बांधून खूण करावी असा निरोप शेतकऱ्यांना धाडतो. त्या खुणेपलीकडे हरणे गेली नाहीत.

करार म्हणून हा नमुनेदार आहे. त्यात राजा आहे, हरणे आहेत, शेतकरी आहेत. बारामती-इंदापुरात उभ्या पिकात चिंकारा शिरलेला पाहणाऱ्याला तो आजही विचारात घेण्याजोगा वाटेल. मात्र सर्व प्राण्यांना अभय मिळाले त्या दिवशी नदीच्या दोन तीरांवरील त्या १००० नेसादकुळांसारख्या घरांत चूल कशावर पेटली, हे जातक सांगत नाही. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे राजवाड्यापर्यंत पोहोचते. नेसादाचे पोहोचलेले दिसत नाही. दुकूलकाच्या आईवडिलांनी विचारलेला प्रश्न तेथे तसाच पडून आहे, आणि येत्या वर्षावासात सामजातकाचा आरंभ त्याच प्रश्नापासून व्हावा, अशी सूचना आम्ही प्रवचनकारांना करीत आहोत. वाचन शक्यतो विहारात न ठेवता पालावर जाऊन करावे. आणि आधी तेथील वृद्धांकडून हरणांच्या वाटा ऐकून घ्याव्यात.