चक्रधरांनी आखलेली सीमा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडसारख्या गावात, जिथे मराठी आणि कानडी एकाच बाजारात नांदतात, महानुभाव पंथाचा 'सूत्रपाठ' वाचताना एका सूत्रापाशी थबकायला होते. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी शिष्यांना बजावतात : कानडी आणि तेलुगू मुलखांत जाऊ नका. तेराव्या शतकातली ही आज्ञा. सीमाभागातल्या मराठी वाचकाला ती आधी बोचते, मग थोडी सुखावतेही.

पण पुढचे कारण वाचावे. ते मुलूख विषयसुखांनी भरलेले, आणि तिथे तपस्व्याला मान मिळतो. म्हणून जायचे नाही! मनाईच्या पोटात शेजाऱ्याची केवढी दाद दडली आहे. दोष त्या देशाचा नाही, धास्ती आहे ती आपल्याच साधकाच्या मनाची. मानाने सुखावणारा संन्यासी कसला? म्हणूनच चक्रधर त्याला देशाच्या टोकाशी, झाडाखाली जन्म काढायला सांगतात. सत्तेला हवी असते ती सीमा. इथे टोक हवे आहे ते कोणी ओळखू नये म्हणून.

पुढे पंथाच्या भाष्यकारांनी महाराष्ट्राची खंडमंडळे सांगितली. फलटणपासून दक्षिणेला मराठी जिथवर चालते तिथवरचे एक मंडळ. भाषेने देश मोजण्याची ही रीत 1956च्या राज्य पुनर्रचनेच्या कितीतरी आधीची.

माणसामाणसांतल्या रेषांशी मात्र हाच पंथ वेगळा वागतो. 'लीळाचरित्रा'तले चक्रधर स्त्रीच्या मासिक स्रावाला विटाळ मानत नाहीत. शरीराच्या इतर द्वारांतून मळ येतो, तसाच हाही. त्यांचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपुरात अस्पृश्यांच्या घरी बिनदिक्कत शिरतात. 'लीळाचरित्र' लिहिणाऱ्या म्हाइंभटांचे गद्य हे प्रसंग टीकाटिप्पणी न करता, घडले तसे सांगून मोकळे होते, आणि त्या कोरडेपणातच त्यांचा धक्का आहे. उंबरठा पुसला जातो, देशाची वेस राहते, कारण पहिली रेष दुसऱ्याला बाहेर ठेवते आणि दुसरी फक्त स्वतःला आत.

महाराष्ट्राभिमानाच्या भाषणात या सूत्रातली आज्ञा सांगायची आणि कारण गाळायचे, हा सूत्रावर अन्याय आहे. सीमेच्या वादासाठी महाराष्ट्र-कर्नाटक तंट्यावरचा 1967चा महाजन अहवाल आहे, जनगणना आहे, न्यायालय आहे. त्या कामाला चक्रधरांना जुंपू नये.